वॉरंटी एकोणीस एप्रिलपर्यंत

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बेमिजी गावातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ऑर्विल ट्वेटइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. गिऱ्हाईक प्रोसेसर मागायला आलं की हाच उलट विचारायचा, "मदरबोर्ड कोणता? त्यात पुढच्या पिढीचा बसतो ना? मग आज महागातला कशाला?" वॉरंटीचं खोकं फेकून देणाऱ्यावर तर तो खेकसायचाच. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली. बायकोपेक्षा त्याची बोलणी जास्त खाल्ली.

फेब्रुवारीत आर्डिस होल्टे नवऱ्याचा कॉम्प्युटर घेऊन आल्या. क्लेटन डिसेंबरात गेला होता. पण जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे दफन वसंतावर टाकलं होतं. तो रोज सकाळी तळ्यावरचा बर्फ मोजायचा आणि जाडी स्वतःच्या आवाजात या यंत्रात नोंदवायचा. तेच आता सारखं बंद पडत होतं. ऑर्विलने तपासलं, तर दोष प्रोसेसरचा निघाला.

"मग नवा वेगवान घालून घेऊ का रे, ऑर्विल?" बाईंनी विचारलं.

"पैसे वर आलेत का, आर्डिसबाई? याची वॉरंटी एकोणीस एप्रिलपर्यंत आहे. फुकट बदलून मिळेल."

"पण त्याचा आवाज राहील ना?"

"आवाज डिस्कवर असतो. प्रोसेसरचा काय संबंध?"

त्याने जुना प्रोसेसर काढून कंपनीला पाठवला. आठ दिवसांनी बदलीचा आला. बसवला, तर पडद्यावर किल्लीच्या आकड्यांची मागणी. क्लेटनने डिस्कला कुलूप घातलं होतं आणि ते फक्त जुन्या प्रोसेसरला ओळखत होतं. प्रोसेसर काढण्याआधी कुलूप उतरवा, असं आमच्याकडून घोकून घेणारा ऑर्विल स्वतःच विसरला होता. कंपनीला फोन केला. परत आलेले प्रोसेसर त्याच दिवशी भरडतो, म्हणाले.

त्याने बाईंना बोलावून, चूक आपली आणि आवाज आता उघडणार नाही, हे तोंडावर सांगितलं. त्या कोट न काढताच बसून राहिल्या. मला ऑर्विलकडे बघवेना.

तेवढ्यात पडदा उजळला. कोणीही हात लावला नव्हता. त्यावर एक नवी नोंद होती, तारीख आजची.

"सत्तावीस इंच," क्लेटनचा आवाज आला. "आर्डिस, ऑर्विलला बोलू नकोस. किल्ली मीच कुठे लिहून ठेवली नाही."

ऑर्विल उठला, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन तळ्यावर गेला आणि तासाभराने परतला.

"सत्तावीसच," तो म्हणाला.

आर्डिसबाईंनी एकच विचारलं, "याची वॉरंटी किती?"

"बदलीला नवी मिळत नाही. जुन्याची उरलेली, तेवढीच."

यंत्र घरी नेल्यावर त्या रोज सकाळी दुकानात फोन करून क्लेटनने सांगितलेला आकडा कळवायच्या. चोवीस. सतरा. नऊ. ऑर्विलने मोजायला जाणं सोडलं. आयुष्यभर तारखा पाठ ठेवणारा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाठ करून बसू लागला.

एकोणीस एप्रिलला बाईंनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. कॉफी कपात तशीच गार झाली.

"बर्फ गेला, आर्डिस," क्लेटन म्हणाला. "जमीन मऊ झाली असेल. आता मला जाऊ दे."

यंत्र बंद पडलं.

"बोर्डात पुढच्या पिढीचा बसतो," ऑर्विल अडखळत म्हणाला. "मी माझ्या खर्चाने घालतो, बाई."

"नको रे," म्हणत त्यांनी फोन उचलला आणि दफनभूमीचा नंबर फिरवला.