तोटाताईचा ट्रॅकबॉल

तोटाताईला काहीही सुचवायला गेलं की ती हात वर करून थांबवायची. "आधी तोटा सांग. फायदा काय, कुणीही सांगतं." नवा मोबाइल, नवा डबेवाला, चाकणला जायचा आतला रस्ता, लग्नाचं स्थळ, सगळ्यांना एकच नियम. म्हणून ऑफिसात तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. ती डाय डिझाइन करायची, म्हणजे ज्या साच्यात पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात, तो साचा कॉम्प्युटरवर काढायची. तिच्याइतका साफ हात आमच्या एमआयडीसीत दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

या तोट्याच्या नादामागे तिचे वडील होते. ते भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. ती शाळेत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. "बाबा तेव्हाच म्हणाले, तू कॉम्प्युटरवर बस, तिथं हात शाबूत राहतात," असं ती मोठ्या अभिमानानं सांगायची. आता ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

वर्षानुवर्षं माऊस फिरवून तिच्या मनगटात कळा यायला लागल्या. डब्याचं झाकण निघेना, बसमधला दांडा धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, मनगट हलवू नका. शेठ म्हणाले, "मॅडम, गोळी घ्या आणि काम काढा." शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात फक्त डिलिव्हरीची तारीख असायची. मग तिनंच ट्रॅकबॉलचं शोधून काढलं. माऊस टेबलभर फिरवावा लागतो, हा जागचा हलत नाही. त्यात एक बॉल बसवलेला असतो, तो अंगठ्यानं फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो.

झालं, पुढे किती दिवस कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय नाही. नाशिक फाट्यापासून गाडी मुंगीच्या पावलानं चालायची आणि ही एकेकाला गाठून तोटे गोळा करायची. बारीक कोपऱ्यात बाण नेमका टेकत नाही. बटण दाबून धरून बॉल फिरवला की मॉडेल भलतीकडेच गरगरतं. मशीनशॉपमधली धूळ आत जाते, बॉल काढून रोज पुसावा लागतो. मी म्हटलं, "ताई, तुमच्या जागेवर मग दुसऱ्या कुणाला काम करता येणार नाही." ती हसली. "अरे, हा तोटा कुठं, हा तर फायदा." खरा फायदा एकच होता, मनगटाला आराम. "एकच आहे, पण तो माझा हात आहे," ती म्हणाली. सगळ्यात शेवटचा तोटाही तिनंच काढला, की सगळं ओझं एकट्या अंगठ्यावर येतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक तोटा झटकून टाकला. "अंगठा काय रे, दणकट असतो."

आणि खरंच तिला बरं वाटायला लागलं. सुरुवातीला चिडचिड झाली, मग हात बसला. एका सोमवारी तिनं बसमध्ये चढता चढता सांगितलं, "काल मी भाकरी थापली." पगारवाढ झाल्यावरही तिचा चेहरा कधी तसा झाला नव्हता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशीन, पान्यांपासून कीबोर्डपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. ताई स्वतः पूजाअर्चा करत नसे, पण कुणाला अडवतही नसे. ती चहा घ्यायला गेली होती. शेठनं तिच्या टेबलाशी येऊन अगदी भक्तिभावानं त्या बॉलवर कालवलेलं हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. "हिचा हात हाच तर आहे," असं वर म्हणालाही. दसऱ्यानंतर कामावर आलो तर कुंकू आत सुकून बसलेलं, बॉल घट्ट. ताईनं तो काढून कापसानं पुसला, फुंकर मारली. फिरायला लागला, पण अडखळत. नवीन यायला वेळ होता आणि एक मोठी डाय तोंडावर आलेली. माऊसला हात लावायची तिला भीती वाटत होती, म्हणून दात-ओठ खाऊन ती त्याच बॉलवर अंगठा रेटत राहिली. डाय वेळेवर गेली. अंगठा मात्र मुळापाशी सुजला तो सुजलाच. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. इंजेक्शनं झाली, पट्टा झाला. लिहिता येईना, शर्टाचं बटण लागेना. शेठ म्हणाले, "बरं वाटलं की या." याचा अर्थ सगळ्यांना कळला. तिच्या खुर्चीवर नवा माणूस बसला, माऊस घेऊन.

मागच्या महिन्यात पिंपरीला तिच्या घरी गेलो. तिचा ट्रॅकबॉल स्वच्छ करून सोबत नेला होता. का नेला, देव जाणे. दार काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी उघडलं. "जय भीम, या." मग ते पेरू कापायला बसले. उरलेल्या बोटांनी सुरी धरून एकेक फोड करत होते आणि बी काढून लेकीच्या पुढ्यात ठेवत होते.

"माझी गेली ती दिसतात तरी," काका म्हणाले. "तवा कंपनीचा सायेब दवाखान्यात मला बघायला आल्ता. हिचं समदं जागेवर हाय, आन् काय धरता येत न्हाई. कुनाला दावायचं?"

ताईनं ट्रॅकबॉल डाव्या हातात घेतला, थोडा वेळ बॉल नुसताच फिरवला आणि बाजूला ठेवला. मी येताना बसमध्ये बरंच काही जुळवून ठेवलं होतं, शिकवण्या घेता येतील, डाव्या हाताची सवय होईल, असलं काहीबाही. तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला. मला वाटलं, आता नेहमीचं ऐकावं लागणार.

"तोटे मला पाठ आहेत," ती म्हणाली. "आज फायदा सांग. एखादा तरी."

काकांची सुरी थांबली. दोघंही माझ्याकडे बघत होते.