गच्चीच्या कोपऱ्यातलं भोक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात साधी बातमी दुपारपर्यंत टिकत नाही, हे सगळं वसमत जाणतं. मग ही गोष्ट सहा वर्षं कशी टिकली? सांगतो. थोडा दम घेऊ द्या.

आमच्या गल्लीत सात घरं एकाच वर्षी बांधलेली, त्यामुळे सातही गच्च्या बरोबरच गळायला लागल्या. गळती थांबवणारा माणूस निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मास्तर, गॅदरिंगची नाटकं बसवणारा. बोलायला पुढे, मिरवायलाही. आधी माझी गच्ची करून बघायची, ती टिकली तर बाकी सहा त्याच माणसाला द्यायच्या, असं ठरलं.

काय मजा केली म्हणून सांगू. नोंदींसाठी नवी वही केली, तिघांना बोलावलं. नांदेडच्या कंपनीचा माणूस बूट न काढता वर गेला आणि मोबाइलमध्ये दुसऱ्यांच्याच गच्च्या दाखवू लागला. हिंगोलीच्या रसायनवाल्याने जिन्यातूनच गॅरंटी दिली, वर चढलाच नाही. तिसरा कळमनुरीचा लिंबाजी मिस्त्री. तो थापीच्या दांड्याने स्लॅब ठोकत, कान लावत, अख्खी गच्ची रांगला. जिथं आवाज पोकळ, तिथं कोळशाची फुली. मी तिघांची जुनी कामंही पाहून आलो — परक्यांचे जिने चढून, त्यांचाच चहा पिऊन. लिंबाजीची एकही गच्ची गळत नव्हती. निवड चोख होती. मग बिघडलं कुठे?

काम संपवून जाताना तो म्हणाला, “सर, पाणी भरून बघेस्तोवर गच्चीला खिळा बी लावू नका. तुमाला हौस लई, म्हून सांगून राहिलो.”

माणूस ओळखला होता त्याने.

मधेच पाडवा आला. गुढी कुणाची उंच, यावर आमच्या गल्लीत दरवर्षी न बोलता चुरस असते. मी तर त्या वर्षी असा बांबू आणला की तो दोरीवर उभाच राहीना. मग काय — ड्रिल आणलं, कठड्याच्या बुडाशी, कोपऱ्यात, भोक पाडून लोखंडी पट्टी ठोकली. समोरचे पाटीलकाका चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत होते. संध्याकाळी पट्टी उपटली, भोकात सिमेंट दाबलं, वर धूळ चोळली.

मग लिंबाजीने गच्चीच्या नळ्या मातीने बुजवल्या आणि चार बोटं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली माझ्या खोलीत छताकडे बघत उभी. कोपऱ्यातून थेंब पडला.

सगळे माझ्याकडे वळले. तेव्हा बोलायचं होतं ना? मी बोललोही — फार सुरेख बोललो. “मिस्त्री, काम कच्चं राहिलं तुमचं.”

लिंबाजीने वर जाऊन पाणी काढलं. त्याचं बोट कोपऱ्यात त्या भोकावर थांबलेलं मी पाहिलं. जिन्यात माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, “तुमीच सांगा आता, सर. माझ्या बोलण्याला कोन विचारतंय?”

मी सांगितलं नाही. त्याने कोपरा पुन्हा करून दिला. सहा गच्च्या नांदेडच्या कंपनीकडे गेल्या.

पुढे तो जाईल तिथे लोक त्याला आमच्या गल्लीतली गळकी गच्ची विचारायचे. शेवटी स्वतःची कामं घेणं त्याने सोडलं. गेल्या आठवड्यात तो पाटीलकाकांच्या गच्चीवर दुरुस्तीला आलेला दिसला — त्याच कंपनीच्या रोजावर. अर्ध्या वयाचा सुपरवायझर त्याला थापी कशी धरायची ते शिकवत होता, आणि लिंबाजी मान हलवत होता. मला बघून त्याने विचारलं, “सर, गच्ची बरी हाय ना?”

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता — कामाबद्दल.

मी कशाला भीत होतो? लोक हसतील याला. एका दुपारच्या हशापायी मी एका माणसाचं नाव घालवलं.

उद्या सहाही घरच्यांना गच्चीवर बोलावलं आहे. लिंबाजीलाही निरोप गेला आहे. हात कुठे ठेवायचे, आवाज कुठे पाडायचा, यातलं काही ठरवलेलं नाही. भोक मी पाडलं, मीच बुजवलं, आणि खोटं मी बोललो — एवढं उभ्याने सांगेन. मग त्यांना जे म्हणायचं असेल ते म्हणून संपेपर्यंत जिना उतरणार नाही.