शिडी धरणारी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्या मित्राबरोबर दर रविवारी वळवण धरणाच्या बाजूला फिरायला जातो त्याच्याजवळही नाही. बोलायला तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बाहेर पडतं – गुडघ्याचं, पेन्शनचं, ट्रॅफिकचं. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

गेल्या महिन्यापासून फोन वाजला की मी आधी नंबर बघतो. अनोळखी नंबर असला तर मी तो उचलतच नाही. नंतर त्याच नंबरचा विचार करत बसतो. कोण असेल? देहूरोडहून असेल का?

थांबा, आधीपासून सांगतो. मी थोडासा प्रसिद्ध माणूस आहे. हसू नका – फारच थोडासा. मराठीत इंटरनेटवर हलती कविता पहिल्यांदा कुणी केली, असा प्रश्न ज्या पाच-सात लोकांना पडतो, ते माझं नाव घेतात. दोन-तीन लेखांत आहे, एका प्रबंधाच्या तळटीपेत आहे. कविता एकच. तिचं नाव ‘शिडी’.

पंचवीसेक वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे शिकवायचो. आठ मशीन, फोनच्या लाइनवरून रडतखडत चालणारं इंटरनेट, आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. धुळीनं मशीन बिघडतात अशी मालकांची ठाम समजूत होती. फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर तेव्हा नवं होतं. त्यात चित्रं हलायची, माउसला उत्तर द्यायची, आणि परदेशातले काही वेडे लोक त्यात कविता करायचे. शब्द पडतायत, विरघळतायत, जवळ गेलं की पळतायत! मी तासन्‌तास त्या बघायचो. आपणही अशी एक करावी असं फार वाटायचं. माझ्या साध्या, एका जागी बसणाऱ्या कविताही मासिकं साभार परत पाठवायची, ही गोष्ट वेगळी.

नसीम माझ्या बॅचला होती. हसन पेंटरची मुलगी. बाजारातल्या निम्म्या पाट्या तेव्हा हसनभाऊंच्या हातच्या – लॉज, दवाखाने, किराणा. त्यांची अक्षरं लांबून ओळखू यायची. ‘ल’चं पोट जरा मोठं, आणि ‘श’ ऐटीत मान वळवून उभा.

त्या काळी मराठीची एक मोठीच अडचण होती. आपण टाइप केलेलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. आम्ही सगळे त्यावर डोकं आपटत होतो. नसीमनं डोकं आपटलं नाही. तिनं वडिलांकडून कागदावर एकेक अक्षर काढून घेतलं, स्कॅन केलं आणि माउसनं गिरवून फ्लॅशमध्ये चित्र म्हणून ठेवलं. चित्राला फॉन्ट लागत नाही. सहा नंबरच्या मशीनवर ती तीन महिने हे करत होती.

आणि मग एके दुपारी तिनं मला ती कविता दाखवली. पडद्यावर नुसती एक शिडी, खाली अक्षरांचा ढीग. माउस हलवला की वर चढलेली अक्षरं धडाधड खाली पडतात. हात स्थिर ठेवला तर एकेक अक्षर शिडी चढून जागेवर बसतं आणि हळूहळू ओळी तयार होतात. वर अब्बा पाटी रंगवतायत, खाली मुलीनं शिडी धरलीय, रस्त्यावरून ट्रक गेला की शिडी थरथरते, खाली बघू नका अब्बा, मी आहे – असं काहीसं. म्हणजे वाचणाऱ्यानंच ती शिडी धरायची. हात हलला की माणूस पडला.

मला काय वाटलं? आनंद झाला असं मी आजवर सगळ्यांना भासवत आलोय. मला जळून खाक झाल्यासारखं वाटलं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, मी शिकवलेली, आणि जे मला कधीच जमणार नव्हतं ते तिनं करून समोर ठेवलं होतं.

“शेवटी नाव येतं सर,” ती म्हणाली, “पण पूर्ण थांबलं तरच.” मी तेवढं थांबलो नाही. मला बघवतच नव्हतं.

परदेशातली मराठी मंडळी एक वेबसाइट चालवायची. तिथे पाठवा, असं तिनंच मला सांगितलं, कारण इंटरनेट फक्त माझ्या केबिनमध्ये होतं. मी पाठवली. फॉर्मवर ‘कवीचे नाव’ असा रकाना होता. त्यात मी माझं नाव लिहिलं.

आता इथे मी काय सांगू? नजरचूक म्हणू? चांगला मिनिटभर त्या रकान्याकडे बघत बसलो होतो.

चारच दिवसांत उत्तर आलं – मराठीत असं काही आम्ही प्रथमच पाहतो आहोत, अभिनंदन. आता हे उघडकीला येणार. सहा नंबरच्या मशीनवर तिची मूळ फाइल होती, सगळ्या खाडाखोडीसकट. कुणीही बघितलं असतं तर लगेच कळलं असतं.

आमच्याकडे एक रीत होती. बॅच संपली की आठही मशीन फॉरमॅट करायची, व्हायरससकट सगळं साफ. मुलं आपापलं काम आधी फ्लॉपीवर घ्यायची. नसीमची फाइल फ्लॉपीत मावत नव्हती, म्हणून मी तिला सीडीवर करून देणार होतो. तसा शब्दच दिला होता. बॅच संपायला आठवडा होता. मी सहा नंबरचं मशीन आठवडाभर आधीच फॉरमॅट केलं, आणि व्हायरस आला होता, वेबसाइटला पाठवायच्या आधीच सगळं गेलं, इलाज नव्हता, असं तिला सांगितलं.

तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघितलं. मग माझाच चेहरा पडलेला बघून म्हणाली, “असू दे सर. तुमचा काय दोष त्यात?”

दुसऱ्या दिवशी हसनभाऊ आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले, हाताला रंग होता म्हणून कशाला हात न लावता. “सर, पोरगी म्हनली, माझी अक्षरं शिडीवर चडत्यात. म्या लय अक्षरं काडली, पन चडनारी कदी बघितली न्हाईत. जरा दावता का?”

माझ्या केबिनमधल्या मशीनवर, वेबसाइटला पाठवलेली तयार फाइल होती. दहा पावलांवर. दोन क्लिक केले असते की त्या माणसाला आपली अक्षरं चढताना दिसली असती.

“उडालं हो सगळं,” मी म्हणालो.

“व्हय? मंग ऱ्हाऊ द्या. मशीनच ती, बिगडायचीच.” आणि मला चहा पाजून गेले. पुढे फ्लेक्स आले, पाट्यांचं काम बसलं, आणि काही वर्षांनी हसनभाऊही गेले. त्यांनी ते कधीच पाहिलं नाही. नसीम लग्न होऊन देहूरोडला गेली. तिचं तिथे फ्लेक्स छापायचं दुकान आहे, असं ऐकतो.

आणि माझी गंमत बघा. मूळ फाइल मीच पुसली होती. उरली ती पाठवलेली बंद फाइल, जिच्यातलं काही बदलता येत नाही. तिच्या शेवटी कुठेतरी नसीमचं नाव होतं आणि ते मला काढता येत नव्हतं. तुम्हाला वाटेल, निदान एकदा तरी बघून घ्यायचं. किती वेळा बसलो! पण अक्षरं वर सरकायला लागली की माझा हात आपोआप हलायचा. नाव बघितलं नाही तोवर ते कदाचित नसेलच, असं म्हणता तरी येत होतं.

लोक घाईचे असतात, हे माझं नशीब. शेवटापर्यंत कुणी थांबलंच नाही. लेख आले, कौतुक झालं. त्या शिडीचा अर्थ काय, असं मला विचारायचे. माझे वडील पोस्टात होते, स्टुलावर चढायलाही घाबरायचे. पण मी अर्थ सांगायचो. मग फ्लॅश बंद पडलं, ब्राउझरमध्ये कविता उघडेनाशी झाली. लोक हळहळले. मी देवाला नारळ फोडला.

गेल्या महिन्यात केतकी नावाच्या पुण्याच्या एका मुलीचा फोन आला. ती असल्या जुन्या कविता गोळा करते. ‘शिडी’ तिला मिळाली होती, आणि ती चालवता येईल असं सॉफ्टवेअरही. लोणावळ्यातच, वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवायची होती. नाही म्हणायला कारण सुचेना.

पन्नासेक लोक होते. केतकीनं पडदा लावला, माउस टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. “आज आपण कुणीच हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

मी पहिल्या रांगेत. अक्षरं चढायला लागली. ते मोठ्या पोटाचे ‘ल’. उठून वायर उपटावी असं मनात आलं. उठता आलं नाही. ओळी पूर्ण झाल्या, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग खाली, शिडीच्या पायाशी, बारीक अक्षरांत एक वाक्य उमटलं: ‘अक्षरं हसन पेंटरची. शिडी धरली त्यांच्या मुलीनं.’

एवढंच. तिचं नाव नव्हतंच.

मग टाळ्या. लोकांना ती कवितेचीच शेवटची ओळ वाटली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय शेवट केलाय तुम्ही.” आणि मला काय झालं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते घडून गेलं होतं, आणि मी वाचलो होतो. मी चक्क हसलो.

मागून एका म्हाताऱ्यांनी विचारलं, “हसन पेंटर म्हणजे आपल्या बाजारातले का?”

केतकीनं माइक माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

“हो, तेच,” मी म्हणालो. “कविता त्यांनाच अर्पण केलीय.” पुन्हा टाळ्या झाल्या.

केतकीनं त्याची क्लिप इंटरनेटवर टाकलीय. ती बरीच फिरतेय. देहूरोडला कधी पोचेल सांगता येत नाही. पोचली असेलही.

ते अर्पण नव्हतं, ती सही होती. सही करणारीचं नाव नसीम हसन शेख, आणि ‘शिडी’ ही कविता तिची आहे.