काळोख्यांविरुद्ध बोईसरचं वाचनालय

रविवार, दुपारचे चार. बोईसर पूर्व, कामगार वाचनालयाची खोली. हजर वाचक तीन. संस्थेचे अध्यक्ष मोजपट्टी घेऊन भिंत मोजत होते.

बातमीला मथळा लागतो, कोपऱ्यात का होईना जागा लागते, आणि संपादकाची झोप नीट झालेली असावी लागते. किस्स्याला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे पालघर, बोईसर, तारापूर अशी अर्धी हयात पायपीट केलेल्या माझ्यासारख्या वार्ताहराकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साचलेत. हे त्यातले एका खोलीतले. एरवी सांगितले नसते. पण त्या खोलीबद्दल मी विचारलेल्या साध्या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून सांगतो.

तर मोजपट्टी. ग्रंथपाल वनिताताईंनी विचारलं, "साहेब, कपाटं वाढवायची आहेत का?"

अध्यक्ष म्हणाले, "जिम येतेय. तरुणांना आरोग्य पाहिजे. पुस्तकं कोण वाचतं आता?"

एका खोलीत आठ जणांत राहणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला टेबल, खुर्ची, पंखा आणि शांतता फुकट मिळणारी बोईसरमधली ही मला माहीत असलेली एकच जागा. वनिताताई रोज सफाळ्याहून येऊन ती उघडत. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचक आले तर?"

"दिवाळीपर्यंत दाखवा," अध्यक्ष म्हणाले आणि उरलेली भिंत मोजायला वळले.

•

वाचक आणले ते एका फाटक्या इंग्रजी पुस्तकानं. बदली होऊन गेलेल्या कुठल्यातरी कुटुंबानं गठ्ठा दिला होता, त्यात हे सापडलं. मुखपृष्ठ गायब. गोष्ट अशी की एका शहराचा ताबा काळ्या एल्फांनी घेतलाय. उंच, बारीक, टोकदार कानांचे, अंधारात दिसणारे आणि उजेडाला भिणारे लोक. वनिताताईंनी त्यांचं नाव ठेवलं 'काळोखे'. शहर सोडवायचं काम वाचणाऱ्याचं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पुस्तक विचारतं, आता काय करणार? लढणार असाल तर अमुक पानावर जा, पळणार असाल तर तमुक. मधूनमधून फासे टाकायचे. चुकलात की मेलात, पुन्हा पहिल्या पानापासून.

वनिताताई उभ्या राहून मराठीत सांगायच्या, आम्ही हात वर करून ठरवायचं. पहिल्या रविवारी आम्ही तिघंच होतो. मी, तारापूरचे रघुनाथदादा तांडेल, ज्यांनी जन्मभर होडी चालवली, आणि घाटगे साहेब, एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले सेफ्टी ऑफिसर.

पहिलाच पेच. शहराच्या वेशीवर दोन काळोखे पहारेकरी. सरळ चाल करायची, की भिंतीखालच्या गटारातून आत शिरायचं?

रघुनाथदादा म्हणाले, "गटारातून. लपून जायाचं."

घाटगे साहेब उभे राहिले. "गटार ही बंदिस्त जागा आहे. आत गॅस तपासला का? बाहेर एक माणूस उभा आहे का? कमरेला दोर? परमिट कोणाच्या सहीचं?"

वनिताताईंनी पान पुन्हा चाळलं. "परमिटचं काही लिहिलेलं नाही साहेब."

"मग मी कोणाला उतरू देणार नाही."

हा माणूस आवाज असा लावतो की आपण नोकरीवर आहोत असं वाटायला लागतं. आम्ही सरळ वेशीवर चाल केली आणि तिसऱ्या वाक्याला भाल्यावर गेलो.

घाटगे साहेबांनी समाधानानं चष्मा पुसला. "पण गटारात अपघात शून्य."

•

पुढच्या वेळी आम्हाला घाटगे साहेबांना बहुमतानं हरवावं लागलं. गटारातून आत शिरलो. आत गेल्यावर कळलं की काळोख्यांच्या राणीचा बुरुज बंदराच्या मध्यात आहे आणि तिथे होडीनेच जाता येतं. आमच्यात होडीवाला एकच. सगळ्यांनी कौतुकानं रघुनाथदादांकडे पाहिलं.

दादांनी विचारलं, "आज महिना कंचा?"

"आषाढ," मी म्हटलं.

"मग होडी नाय घालायची. नारली पुनव व्हऊ दे."

घाटगे साहेब म्हणाले, "अहो दादा, पुस्तकातला समुद्र आहे तो."

"पुस्तकातला हाय म्हनून काय कोरडा हाय? आमी पुनवेच्या आदी होडी काडत नाय. बापानं नाय काडली, आजानं नाय काडली."

वनिताताईंनी समजूत घालायचा प्रयत्न केला. "दादा, शहरातली माणसं साखळदंडात आहेत हो."

"असतील. पन या दिवसांत मासा अंडी घालतो. त्यांच्यापायी त्याचा वंस बुडवायचा काय?"

मत घेतलं. होडीच्या बाबतीत तांडेलाच्या विरोधात हात वर करायची कोणाची छाती झाली नाही. एक अख्खं शहर गुलामीत ठेवून आम्ही पौर्णिमेची वाट बघत बसलो. तेवढे रविवार बाजारपेठेत भटकलो, खानावळीत जेवलो, एका जादूगाराकडून निरुपयोगी अंगठी घेतली. कुठल्याही विकासकामाची प्रगती याहून वेगळी असते असं मला तरी आढळलेलं नाही.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी दादा सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन आले. मागून त्यांची बायको नारळीभाताचं पातेलं घेऊन. नारळ टेबलावर ठेवला, पुस्तकाला हळदकुंकू लागलं. भाताचा वास रस्त्यावर गेला आणि माणसं डोकावायला लागली. डोकावली ती बसली. वाचनालयाच्या बोर्डाला जे कधी जमलं नव्हतं ते एका पातेल्यानं केलं.

होडी पाण्यात गेली. पुढच्याच तुकड्यात काळोख्यांच्या गस्तीच्या गलबतानं ती बुडवली.

खोलीत सुतक पडलं. दादा शांत होते. "बुडाली ती बुडाली. पन टायमावर बुडाली."

•

भाताच्या वासानं आलेल्यांपैकी एक दुबेजी. एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर. मराठी सगळं समजायचं, बोलायचे हिंदीत.

त्यांच्या दुसऱ्याच रविवारी पुस्तकातला आमचा वीर बुरुजाच्या जिन्यावर मेला. बंदर पार केलं होतं, राणीचं दार दिसत होतं, आणि फाशांनी दगा दिला. लोक हळहळले. एका बाईंनी तर पदर डोळ्याला लावला. घाटगे साहेबांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. आम्ही राहिलो.

दुबेजी बसूनच होते. म्हणाले, "मॅडम, शुरू से पढ़िए. दूसरा आदमी भेजेंगे."

वनिताताई म्हणाल्या, "अहो, पण हा गेला ना."

"गया तो गया. ठेकेदार क्या करता है? सुबह एक गया, दोपहर की शिफ्ट में दूसरा खड़ा है. हेल्मेट भी वही."

घाटगे साहेब खाली बसले. वनिताताईंनी पहिलं पान उघडलं. ठेक्यावरच्या माणसांच्या अशा मरणांवर मी पूर्वी बातम्या लिहिल्यात, लांबलचक. एकीतही इतकं नेमकं लिहिता आलं नव्हतं.

•

पुस्तकानं मलाही सोडलं नाही म्हणा. राणीचा सेनापती समोर आला. पुस्तकात दोनच पर्याय, तलवार उपसा किंवा खिडकीतून उडी मारा. मी म्हटलं, "थांबा. इतके आठवडे आपण यांच्याविरुद्ध एकतर्फी ऐकतोय. त्यांची बाजू विचारा."

वनिताताई म्हणाल्या, "भाऊ, तसा पर्याय नाही."

"नाही कसा? आरोप आहे तिथे खुलासा पाहिजे."

रघुनाथदादा म्हणाले, "इचारा ना मंग. तवर तो तुमची मान उडवील, आन पेपरात येईल, सेनापती फोन उचलत नाय."

दुबेजींनी समारोप केला. "साहब, ये लोग बयान देते नहीं. लेते हैं."

तलवार बहुमतानं उपसली गेली. सेनापती पडला. प्रतिक्रिया मिळाली नाही ती नाहीच.

•

दिवाळीच्या तोंडावर अध्यक्ष वाचक मोजायला आले. पायरीवर चपलांचा ढीग. आतून आवाज येतोय, 'दरवाजा तोडा', 'कैदी आधी सोडवा'. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं युनियन घुसली.

वनिताताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "पण वाचतंय कोण? तुम्ही एकट्या. बाकीचे ऐकतात. हे वाचक नव्हेत, श्रोते. आपलं वाचनालय आहे."

मी म्हटलं, "अध्यक्ष, तुमच्या वार्षिक सभेत अहवाल एकटे सचिवच वाचतात. मग सभा झाली असं तुम्ही लिहिता की नाही?"

त्यांनी मला चहा झाला का विचारलं.

तेवढ्यात पेच पडला. बुरुजात दोन दारं. एकामागे कैदी, कोठडीत पाणी चढतंय. दुसऱ्यामागे राणी, पळायच्या बेतात. हात मोजले, दोन्हीकडे सारखे. वनिताताईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. "साहेब, निर्णायक मत तुमचं."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. माणसाला आयुष्यात शहर सोडवायची संधी किती वेळा येते?

अध्यक्षांनी घसा साफ केला. "दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. उपसमिती नेमू. पुढच्या बैठकीत घेऊ."

"साहेब, पाणी चढतंय," वनिताताई म्हणाल्या.

"तोवर कैदी मेले तर?" रघुनाथदादांनी विचारलं.

"तर मग विषयच संपतो," अध्यक्ष म्हणाले. आणि उठले.

जाताना दारात वनिताताईंना म्हणाले, "पुढच्या रविवारी सामान येईल जिमचं. खोली मोकळी ठेवा." तिथे बसलेल्या इतक्या माणसांकडे त्यांनी एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कैदी आम्हीच सोडवले. दुबेजींनी हात बदलला.

•

पुढचा रविवार, दुपारचे चार. आम्ही सगळे आधीच ठरवून आलो होतो की खुर्च्या सोडायच्या नाहीत. घाटगे साहेबांनी तर उशी आणली होती.

दाराला कुलूप. नेहमीचं नव्हे. नवं, पितळी, नारळाएवढं. वनिताताईंची किल्ली त्यात जाईना.

"लावलं अध्यक्षानं," रघुनाथदादा म्हणाले. सगळ्यांना तेच वाटलं.

इतक्यात मनोरच्या बाजूनं टेम्पो आला. वर ट्रेडमिल, डंबेल्स, एक भलामोठा आरसा. पुढच्या सीटवरून खुद्द अध्यक्ष उतरले. कुलूप बघितलं आणि वनिताताईंवर ओरडले, "हा काय प्रकार? कुलूप काढा आधी."

"साहेब, तुम्हीच लावलंय ना?"

"मी कशाला लावू? माझं सामान उन्हात उभं आहे."

ते खोटं बोलत असते तर मला कळलं असतं. खोटं बोलताना ते शांत असतात. सचिवांना फोन लावला, त्यांनी लावलं नव्हतं. जागामालकांना लावला, ते म्हणाले, मला वाटलं तुम्ही लावलंत. पोलीस चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "कुलूप ज्याचं आहे त्याला घेऊन या. तक्रार त्याच्याविरुद्ध घेतो."

अध्यक्ष टेम्पोवाल्याला म्हणाले, "तोड."

टेम्पोवाला म्हणाला, "शेठ, कुलूप कुनाचं ते माहीत नाय, आन मी हात घालू? आमी नाय."

शेवटी वनिताताई पायरीवर बसल्या. पुस्तक त्यांच्या पिशवीत होतं, घरी पुढचा भाग तयार करायला नेलेलं. त्यांनी उघडलं. आम्ही चपलांवर बसलो. राणी वेशीच्या दिशेनं पळत होती. तिला जाऊ द्यायचं की अडवायचं? हात मोजताना एक हात जास्त आला. टेम्पोवाल्याचा होता. अडवली. फासे पायरीवर पडले, आमच्या बाजूनं पडले, आणि शहर सुटलं. दुबेजी नुसते "चलो" म्हणाले.

अध्यक्ष आरशाला टेकून उभे राहिले होते, तेही शेवटपर्यंत ऐकत होते. मग टेम्पो परत गेला.

आता रविवारी पायरीवर बसतो. इतर सहा दिवस ती खोली कोणाचीच नसते. जिम आलेली नाही, टेबलखुर्च्या बाहेर आलेल्या नाहीत, आठ जणांच्या खोलीतला माणूस जिथे होता तिथे परत गेलाय. संस्था, मालक, चौकी, सगळीकडे मी विचारून आलो, एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, कुलूप माझं नाही. परवा वनिताताईंनी मला ते हात लावून बघायला सांगितलं. कोणीतरी त्याला नुकतंच तेल घातलं होतं.