बोमाच्या धावपट्टीवरचा कळप

विरारच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला आफ्रिकेतली जंगलं पाहायची आहेत. मी शांतिसेनेतून दक्षिण सुदानला होतो हे कळल्यावर चौघे वसईजवळ सांडोरला माझ्या वाडीत आले.

"तिथल्या बोमाच्या जंगलात सिंह दिसतो का हो?"

"दिसतो. पण दुपारी झोपतो, तुमच्यासारखाच. कोब पाहा."

कोब म्हणजे हरणासारखा प्राणी. पावसामागे त्याचे कळप चालतात, नजर जाईल तिथपर्यंत.

बोमा नॅशनल पार्कमध्ये आमची पोस्ट होती. मी हवालदार, दहा जवानांच्या सेक्शनचा कमांडर. सकाळी पेट्रोल म्हणजे गस्त, दुपारी पाणी भरणं, संध्याकाळी रेडिओ चेक. पेट्रोलबरोबर लोकेरी नावाचा पार्कचा रेंजर असे. माझ्यासारखाच कॅथलिक. पार्कात जनावरांजवळ गोळी झाडायची की नाही, हे तो ठरवायचा. आम्हाला तशी ऑर्डरच होती. घरून आलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची सुकवलेली केळी, त्याला एकदा चाखायला दिली. त्यानं हुंगून पाहिली आणि पुडाच खिशात घातला.

एका पेट्रोलवर चोरट्या शिकाऱ्यांची गोळी त्याच्या मांडीत घुसली. पट्टी आवळून आम्ही त्याला धावपट्टीवर आणलं. बाकी सगळीकडे दलदल होती. छोटं विमान आलं, पण धावपट्टीवर कोबांचा कळप उतरलेला.

"ग्राउंड, स्ट्रिप क्लिअर करा. ओव्हर," रेडिओवर पायलट म्हणाला.

"वेट. ओव्हर."

हवेत दोन-चार राउंड मारले असते तर धावपट्टी तेव्हाच मोकळी झाली असती. मी रायफल उचलली. लोकेरीनं माझी बाही धरली.

"फायर नको, हवालदार. पिल्लं तुडवली जातील."

"रक्त थांबत नाहीये तुझं."

"फायर नको."

वाडीत शिरलेली गुरं हाकलतात तसे आम्ही ओळीनं, जेवणाचे मेस टिन वाजवत पुढे सरकलो. कळप हलला, पण आपल्या चालीनं. विमान वर घिरट्या घालत राहिलं. ते उतरलं तेव्हा लोकेरी शुद्धीवर होता. हॉस्पिटलपर्यंत तो पोहोचला नाही.

मला त्याचा राग आला. आजही येतो.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या दफनभूमीत मोठ्या क्रुसापाशी मी एक जादा मेणबत्ती लावतो. पहिल्या वर्षी बायकोनं विचारलं, "ही कोनाची?"

"माझ्या सेक्शनमधल्याची."

तिनं वाऱ्याला हात आडवा धरला.

मंडळाला मी एवढंच सांगितलं. बोमावर विमान घिरट्या घालू लागलं, तर पायलटवर चिडू नका. खाली पिल्लं असतील. त्यांच्यासाठी लोकेरीही थांबला होता.