वाकडी नळी

निमगाव केतकीच्या धोंडाबाईला हाडं बघायला बारामतीला जावं लागलं, हीच मुळात गंमत होती. आसपासच्या दहा गावांतल्या बैलांची हाडं तिच्या बोटांना तोंडपाठ. बैल घसरला, म्हैस चारीत पडली, की लोक तिच्याकडं धावायचे. ती पदर खोचायची, डोळे मिटून पाय चाचपायची, मोडलेलं हाड एका हिसक्यात जागेवर बसवायची आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधायची. ही विद्या तिच्या सासऱ्याची. पोटच्या पोराचा हात जड, म्हणून त्यानं सुनेला शिकवलं. तेव्हा नाकं मुरडणारे पुढं तिच्याच दारात जनावर घेऊन उभे राहिले, आणि तिनंही एकेकाला त्याची बरोब्बर आठवण करून दिली. गोड बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर गेणबाच्या हरण्या बैलाचा पुढचा पाय मोडला. गुडघ्याखालची नळी. धोंडाबाईनं ती बांधली. चौथ्या दिवशी गेणबा तोंड पाडून आला. बैलाची नळी काही केल्या जुळत नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

"आक्का, बाजारात खाटीक येतुया. बोलून ठिवू का?"

धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुण्याच्या एका संग्रहालयानं त्या आठवड्यात बारामतीच्या शाळेत जनावरांचे सांगाडे मांडले होते. त्यात अख्खा बैल आहे, असं तिनं ऐकलं होतं.

"उद्या माझ्यासंगं यष्टीत बस," ती म्हणाली. "नळी कशी असती, म्या कशी बसवली, समदं दावते. मग खुशाल जा खाटकाकडं."

शाळेत घोडा होता, कुत्रा होता, माकड होतं. गेणबा घोड्याच्या कवटीपुढं हात जोडून उभा राहिला. कुणाला आणि कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. धोंडाबाई सरळ बैलापाशी गेली आणि तिनं हात घातला.

"बाई, हात लावायचा नाही," राखणदार म्हणाला. पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता.

"मग बघायचं कशानं?"

त्याला हसू आलं. त्यानं दोरी बाजूला केली.

सवयीनं तिचे डोळे मिटले. पुढच्या डाव्या पायाच्या नळीवर बोटं थांबली. मधोमध लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"ह्यो पाय जित्तेपणी मोडलावता," ती म्हणाली. "आन् जुळलाय."

राखणदार वाकला. उजवा पाय बघितला, पुन्हा डावा बघितला. "इतकी वर्षं मी धूळ पुसतोय," तो म्हणाला, "पण हे कधी ध्यानात आलं नाही."

गेणबाचा चेहरा उजळला. "म्हंजी जुळतंय, आक्का?"

"जुळतंय."

इथंच ती हात काढून घेती तर काही बिघडलं नसतं. पण बोटं खाली सरकली. टेंगळाखाली नळी बाहेरच्या अंगाला कलली होती. धोंडाबाईनं डोळे उघडले. आजवर तिनं हाड कातड्यावरूनच चाचपलं होतं. उघडं, असं जुळलेलं कधी पाहिलं नव्हतं. कसं झालं ते तिला लगेच कळलं: बांधणाऱ्यानं फक्त मोडलेली जागा बांधली होती. गुडघा मोकळा राहिला, जनावर दर खेपेला उठताना अजून ओल्या असलेल्या जोडावर ताण आला आणि नळी तशीच वाकडी जुळली. जनावराला उठता यावं म्हणून सासरा गुडघा मोकळा सोडायचा. तीही सोडायची. मागनं जनावर लंगडलं की म्हणायची, नशीब त्याचं.

परतीच्या यष्टीत गेणबानं आक्काची करामत सगळ्या गाडीला ऐकवली. कललेली नळी तिच्याशिवाय कुणालाच उमगली नव्हती. हरण्या लंगडत का होईना उठला असता, तरी गेणबानं तिचे पायच धरले असते. गप्प राहायचा मोह तिला झाला, नाही असं नाही. इंदापूरच्या रस्त्याला गाडी लागेपर्यंत टिकला.

गावात उतरल्यावर गेणबानं स्टँडवरूनच चार माणसं गोळा केली. सगळे गोठ्यात आले. धोंडाबाई खाली बसली आणि तिनं हरण्याच्या कामट्या सोडायला घेतल्या.

"आक्का, का सोडताय?" गेणबा घाबरला.

"चुकीचं बांधलंय म्या. गुडघा मोकळा ऱ्हायला, तर नळी वाकडी जुळती. आज बघितलं."

दाराशी ठमाबाई उभी होती. दोन वर्षांमागं तिच्या म्हशीचा मोडका पाय धोंडाबाईनंच बांधला होता.

"मग माझी म्हस?" ठमाबाईनं विचारलं.

धोंडाबाईनं मान वर केली. "ती माझ्या हातानं लंगडी झाली, ठमाबाई. नशिबानं न्हाय."

मग तिनं लांब कामट्या मागितल्या, खुरापासून गुडघ्याच्या वरपर्यंत पुरतील अशा. "पाय धर, गेणबा. घट्ट. आन् मुंडकं धराया कुणीतरी या."

माणसं एकमेकांकडं बघत राहिली. ठमाबाई पुढं आली, खाली बसली, आणि तिनं हरण्याचं मुंडकं आपल्या मांडीवर दाबून धरलं.