रामटेकेबाई पोतं झाल्या तेव्हा

"सर, मी पोतं होते. चालवा मले."

रामटेकेबाई असं म्हणाल्या, पदर खोचला आणि मोहाडीच्या ऑफिसात मधोमध उभ्या राहिल्या. मी हातातला चहा खाली ठेवला. माझ्या मागे स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत झळकत होतं: कॉन्फ्लिक्ट शून्य.

माझा धंदा आधी सांगतो. मी प्रोसेस अनॅलिस्ट. काम कुठून सुरू होतं, कोणाकडे जातं, कुठे संपतं, याचं चौकटी आणि बाणांचं चित्र मी काढतो. इथे काम होतं एका संस्थेच्या धान खरेदीचं. केंद्रं दोन, मोहाडी आणि करडी. सोमवारपासून दोन्हीकडचे कॉम्प्युटर माझ्या चित्राबरहुकूम चालणार होते. कॉम्प्युटरने चिठ्ठी दिली तरच धान गोदामात. नाही दिली, तर शेतकऱ्याचं धान उघड्यावर. आणि करडीत त्याला तोंड द्यायचं होतं ते प्रतवारी करणाऱ्या रामटेकेबाईंना.

मूळ चित्राची एक प्रत मोहाडीच्या गायधने साहेबांनी सुधारली, एक रामटेकेबाईंनी. दोन्हींचं एक चित्र करायचं, याला आम्ही मर्ज म्हणतो. एकाच चौकटीत दोघांनी वेगवेगळं लिहिलं असेल, तर सॉफ्टवेअर बोंब मारतं. तो कॉन्फ्लिक्ट. अशा तीन बोंबा मी तासाभरात मिटवल्या होत्या आणि शनिवारी दुपारी छाती फुगवून सगळ्यांसमोर उभा होतो.

"चालवा," मी म्हणालो. ऐटीतच.

गायधने साहेबांचं टेबल म्हणजे ओलावा तपासणी. खिडकीपाशी ऑफिसातले बंडूभाऊ, म्हणजे काटा. दाराला फाटक ठरवलं. पोतं डुलत डुलत साहेबांसमोर आलं.

साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं. "आधी वजनाची चिठ्ठी दाखवा."

पोतं खिडकीकडे गेलं. बंडूभाऊ स्क्रीनवर वाचून म्हणाले, "ओलाव्याची चिठ्ठी कुठी हाये?"

पोतं परत साहेबांकडे. साहेब परत, "वजन." पोतं परत खिडकीत. बंडूभाऊ परत, "ओलावा." चौथ्या फेरीला रामटेकेबाई मधेच फरशीवर बसल्या.

"काहून अडवून राहिले मले? कोंब फुटन ना आता!"

बंडूभाऊ हसून हसून खिडकीला टेकले. मी मात्र हसत नव्हतो. मूळ चित्रात ओलावा आणि वजन या चौकटी सुट्या होत्या. कुठलीही आधी चालत असे. साहेबांनी वजनाच्या चौकटीला अट घातली: आधी ओलावा. बाईंनी ओलाव्याच्या चौकटीला घातली: आधी वजन. चौकटी वेगळ्या, म्हणून सॉफ्टवेअर गप्प. आणि सॉफ्टवेअर गप्प, म्हणून मीही गप्प.

"करडीवाल्यांनीच सुधरावं," साहेब म्हणाले. "ओलं धान काट्यावर चढवाचंच कायले? फाटकातूनच वापस."

"वापस कशात नेतील साहेब, डोक्यावर?" बाई उठल्या. "तुमच्याकडे गाडी उभी रायते. आमच्याकडे भाड्याचा ट्रॅक्टर येते, धान टाकते अन् चालला जाते. त्याले अजून तीन जणाईचं आणाचं असते. मंग ढीग कोणाचा, किती, यावर महाभारत. म्हणून आधी वजन. मंग ओलावा. ओलं निघालं त आंगणात वाळवा अन् पुन्हा मोजा."

साहेब हळूच म्हणाले, "भाड्याचे आमच्याकडेही येतात. त्यायच्याशीच रोज भांडण होते."

मी स्क्रीनकडे वळलो. दोघंही बरोबर. आता एकाची अट पुसायची, ती कोणाची?

"सर, कोणाचंच पुसू नका," बाई म्हणाल्या. "फाटकावर ड्रायव्हरले एकच गोष्ट इचारा. गाडी थांबते का जाते? थांबली त आधी ओलावा. गेली त आधी वजन."

आमच्या चित्रात जिथे वाट फुटते तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट काढतात. मी फाटकाजवळ ती काढली आणि दोन्ही अटी तिच्या दोन वाटांवर लावल्या. बाईंनी पुन्हा पदर खोचला. आधी थांबलेल्या गाडीचं पोतं झाल्या, मग निघून गेलेल्या गाडीचं. दोन्ही वेळा सरळ गोदामात, म्हणजे कपाटाशी, पोचल्या. दुसऱ्या वेळी साहेबांनीच टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मी मुद्दाम करडीला गेलो. पहिला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने इंजिनही बंद केलं नाही.

"थांबतेस का जातेस?" बाईंनी विचारलं.

"थांबाले टाइम कुठी हाये, बाई!"

बाईंनी बटण दाबलं. 'आधी वजन' अशी चिठ्ठी निघाली. धान टाकून ट्रॅक्टर गेला, धान काट्यावर चढलं.

तेव्हापासून मर्ज झाला आणि हिरवं शून्य दिसलं की मी कोणाला तरी उठवतो आणि चित्रातून पायी फिरवतो. मागे नागपुरात एका मोठ्या साहेबांना मी अर्ज बनवून टेबलाटेबलांवरून फिरवलं होतं. तिसऱ्याच टेबलाशी ते चिडले. चित्र चुकलेलं होतं, हे त्यांना तेवढ्यात कळलं. पण पोतं म्हणून बघाल, तर रामटेकेबाईंच्या तोडीचं मला अजून मिळालेलं नाही.